कचराखोलीचा सारंग

"डोले दाखव."

सकाळी वृद्धाश्रमाच्या फाटकातून आत शिरले की नमस्काराच्या आधी हे कानावर पडायचं. मग पूर्वेच्या खिडकीखाली जायचं, उजेडाकडे तोंड करायचं आणि एक म्हातारा माणूस कार्बोलिक साबणाचा वास येणाऱ्या अंगठ्याने आपली खालची पापणी ओढून बघेपर्यंत गप्प उभं राहायचं. दोन्ही डोळे झाले की नखं. "चांगले हायत, जा कामाला," असं म्हटलं की सुटका. आया, स्वयंपाकीण, दूधवाला, कुणालाच सूट नव्हती. एकदा ट्रस्टचे अध्यक्ष सफारी घालून आले. यांनी त्यांनाही खिडकीखाली नेलं आणि पापणी ओढून सांगितलं, "साहेब, रगत कमी हाय. पालक खावा." अध्यक्ष इतके गांगरले की "बरं" म्हणाले.

त्यांना सगळे सारंग म्हणत. हे त्यांचं नाव नव्हतं, हुद्दा होता. बोटीवर खलाशांचा जो मुकादम असतो, तो सारंग. श्रीवर्धनकडच्या कोकणी मुसलमानांच्या घरातले. मिसरूड फुटायच्या आधी मालबोटीवर चढले ते केस पिकल्यावर उतरले. बायको वारलेली, मुलगा आखातात. घरी बसवेना म्हणून आमच्या आश्रमात साफसफाईचे मुकादम झाले. मस्टरवर त्यांचं नाव होतं, पुढे अंगठा होता. पण त्या नावाने त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही, म्हणून इथेही घेत नाही.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी आजही आधी सांगते आणि सांगताना आवाज खाली करत नाही. आम्ही घणसोली गावचे. आजोबा आणि वडील मिठागरावर राबले, आईने डोक्यावरून मीठ वाहिलं. मी बी. ए. झाले तेव्हा वडिलांनी सर्टिफिकेटला फ्रेम करून ती गणपतीच्या फोटोच्या वर ठोकली. आई ओरडली, "देवाच्या वर लावतान काय?" वडील म्हणाले, "देव कंदी परीक्षेला बसला काय?"

तर अशी मी, बेलापूरच्या टोकाला असलेल्या त्या आश्रमात सहायक व्यवस्थापक म्हणून लागले. मागे खाडी, समोर खारघरचा डोंगर, आणि डोंगराखाली तेव्हा नुसतं गवत. दोन मजल्यांची इमारत, दहा खोल्या, तीसेक म्हातारी माणसं, त्यातली निम्मी अंथरुणाला खिळलेली. मला टेबल मिळालं, फोन मिळाला, किल्ल्यांचा जुडगा मिळाला. हिरामावशी नावाची आया मला "म्याडम" म्हणायची. ती असं म्हणाली की मला दिवसभर बरं वाटायचं.

आणि पहिल्याच दिवशी सारंगनी मला टेबलाजवळ बसू न देता कचराखोलीकडे नेलं.

"हितनं सुरू कर."

"चाचा, माझं काम ऑफिसचं आहे."

"आपीसात लोकं खोटं बोलतान. पोतं खोटं नाय बोलत."

इमारतीच्या मागे, खाडीच्या बाजूला ती खोली होती. सिमेंटची उतरती जमीन, खिडकीला बारीक जाळी, दाराला खालून वीतभर पत्रा. आत आडवा लोखंडी दांडा आणि त्याच्या आकड्यांना टांगलेली दहा पोती. एकही जमिनीला टेकलेलं नाही. त्यांचं म्हणणं, पोतं टेकलं की उंदराला जिना मिळाला. स्वयंपाकघराचा ओला कचरा वेगळा, झाकणाच्या पिंपात. खोल्यांचा वेगळा, कारण त्यात सगळंच असायचं: लंगोट, जखमांच्या पट्ट्या, थुंकीचे कागद. इंजेक्शनच्या सुयांसाठी एक तुपाचा डबा होता. त्याचं झाकण त्यांनी डाग देऊन पक्कं केलं होतं आणि वर फक्त सुई जाईल एवढी फट. भरला की अख्खा डबा कुंपणाजवळच्या खोल खड्ड्यात, वरून चुना.

मला त्या खोलीची भीती वाटायची. संध्याकाळी उजेड कमी झाला की टांगलेली पोती माणसांसारखी दिसायची. वारा नसताना एखादं किंचित हलायचं. आत काहीतरी खाली बसत असणार, दुसरं काय. पण मी तिथे गेले की पाठ भिंतीकडे ठेवून उभी राहायचे.

"भ्यालीस?" सारंगनी एकदा विचारलं.

"नाही."

"भी. कचरा मेलेला नसतो, बाय. निजलेला असतो."

त्यांची खरी करामत गाठींमध्ये होती. दहा खोल्यांच्या दहा पोत्यांना दहा तऱ्हेच्या गाठी. एकीला एकच फेरा, दुसरीला दोन, कुठे फास, कुठे टोक वर उभं. दुरून नुसत्या गाठीवर नजर टाकून ते सांगायचे की हे पोतं कुठल्या खोलीचं. आणि पोतं उचलून, हलवून, खोलीतली बातमीही सांगायचे. "तीनवाल्या बाबांनी कालपासनं जेवान टाकलाय." "सहाच्या आजी गोल्या गिलत नाय, कागदात गुंडालून टाकतान." डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्या आधी कचराखोलीत जाऊन सारंगना विचारायच्या आणि मग वर पेशंट बघायच्या. एखाद्या खोलीत जुलाब लागले तर त्या खोलीचं पोतं गाडीवर जायचंच नाही, खड्ड्यात जायचं. गाठीवरून कळायचं म्हणून हे जमायचं.

मी म्हटलं, "चाचा, गाठी कशाला? मी मार्करने नंबर लिहून देते."

"लिवलेलं पुसतं. आन वाचनार कोन? हिरा? मी?"

"मी वाचीन."

"तू नसशील तवा? बस हितं, गाठी शिक. एक तासाचं काम."

मी हसले. म्हटलं, "चाचा, मी बी. ए. केलंय ते सुतळी बांधायला नाही."

त्यांना राग आला नाही. ते फक्त "बरं, डिगरीवाली" म्हणाले आणि सातव्या पोत्याची गाठ आवळू लागले. हे वाक्य मी बोलले होते, ते लपवत नाही.

त्यांनी हे वेड कुठून आणलं ते तुकड्या-तुकड्याने कळलं. बोटीवर झाडूवाल्याला टोपास म्हणतात. त्यांच्या एका बोटीवरच्या टोपासने घाईत, उघड्या हाताने, आजारी खोलीचा कचरा दाबून भरला. आठवड्याने त्याला ताप भरला. मग भंडाऱ्याला, म्हणजे स्वयंपाक्याला. मग आणखी दोघांना. बंदराने बोट आत घेतली नाही. साथीच्या रोगाचं पिवळं निशाण लावून ती किनाऱ्यापासून लांब उभी राहिली, समोर गावाचे दिवे दिसत होते आणि कुणी होडी पाठवत नव्हतं.

"मग?"

"मग काय. टोपासला मीच कापडात शिवला, दर्यात सोडायला. माझ्या गावचा होता. टाके लांब लांब पडाया लागले, तर कप्तान बोलला, सारंग, टाके जवल जवल घाल." एवढं बोलून ते थांबायचे. पुढचं कधीच सांगितलं नाही. पण त्यानंतर कुणाचा उघडा हात पोत्यावर दिसला की ते असे ओरडायचे की वरच्या मजल्यावरच्या आजी दचकून उठायच्या.

ज्या वर्षी सुरतेकडून प्लेगच्या बातम्या आल्या, त्याच्या आधीपासून त्यांनी आश्रमाच्या प्रत्येक वायरीवर, कपडे वाळत घालायच्या प्रत्येक तारेवर पत्र्याची गोल थाळी बसवली होती. मध्ये भोक पाडून, तारेत ओवून. बोटीच्या दोरांना अशा थाळ्या लावतात, म्हणजे धक्क्यावरचा उंदीर दोरावरून चालत बोटीत चढत नाही. शेजारच्या सोसायटीतले लोक गच्चीवरून बघून हसायचे. "काय चाचा, डिश ॲन्टेना काय? कुठलं चॅनल लागतं?" आमच्या ट्रस्टींनी तर पत्रच पाठवलं की इमारत विद्रूप दिसते, थाळ्या काढाव्यात. ते पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. थोडी मजा वाटली होती मला.

मग त्या बातम्या आल्या. आठ दिवसांत सगळ्यांच्या तोंडाला रुमाल बांधलेले. औषधाच्या दुकानात टेट्रासायक्लीन संपलं. आश्रमातल्या म्हाताऱ्यांना भेटायला येणारे नातेवाईक यायचे थांबले. फोन करून विचारायचे, "आमच्या वडिलांना खोकला नाही ना?" नाही म्हटलं तरी येत नव्हते. आजी-आजोबा खिडकीशी बसून फाटकाकडे बघत राहायचे. एक दिवस कुंपणाजवळ मेलेला उंदीर सापडला आणि स्वयंपाकीण भांडी तशीच टाकून घरी निघून गेली. मी ऑफिसात दार लावून बसले. सारंगनी चिमट्याने उंदीर उचलला, खड्ड्यात टाकला, चुना ओतला आणि मग दाराबाहेरूनच मला सांगितलं, "बाय, त्याला मांजरानं मारलाय. मानेला दात हायत. दार उघड, लोकांना जेवान नको काय?"

त्या संध्याकाळी शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी रुमालातून बोलत आले. थाळ्या कुठे बनवून मिळतील ते विचारायला.

हे सगळं सांगते, कारण इतकं बघूनही मी शहाणी झाले नव्हते.

पुढच्या वर्षीची गोष्ट. सारंग पुतण्याच्या लग्नाला दोन दिवस गावी गेले. जाताना हिराला चार वेळा आणि मला एकदा बजावलं, "पोत्यांना हात लावू नका. मी आल्यावर बघीन." आणि नेमका त्याच दिवशी अध्यक्षांचा फोन आला. देणगीदार उद्या येतायत, सगळी इमारत बघणार, मागची बाजूसुद्धा. मी मागे जाऊन पाहिलं. दांड्याला टांगलेली मळकट पोती, सुतळ्या, त्या गाठी. मला ते गावंढळ वाटलं. स्टोअरमध्ये तीन नवी निळी पिंपं होती, झाकणाची. मी ठरवलं, तीन-तीन, चार-चार पोती एकत्र करून पिंपांत भरायची, सुतळ्या फेकायच्या, खोली धुवायची. कॉलेज शिकलेल्या माणसाला सुचेल अशी साधी, सुटसुटीत गोष्ट.

हिरामावशी म्हणाली, "म्याडम, सारंग आले की खवलतील."

"मी बघते. तू वर जा."

मी स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि जे पोतं हाताला लागेल त्याची सुतळी कापत गेले. सहा पोती पिंपात रिकामी केली. गाठी जमिनीवर पडत गेल्या. सातव्या वेळी एका पोत्याशी आले तर कात्री दाराशी राहिली होती. म्हटलं, हातानेच सोडू. पण त्या गाठीला टोकच सापडेना. फिरवून बघितली, नखाने उचकटली. कुठूनही सुरुवात नाही, जणू सुतळी स्वतःतच संपली होती. वैतागून मी अख्खं पोतं आकड्यावरून काढलं आणि खालून तळवा लावून दाराकडे निघाले.

तळव्यात काहीतरी टोचलं.

आधी मला वाटलं खिळा. मी पोतं टाकलं आणि तळवा उजेडात धरला. अंगठ्याच्या मुळाशी रक्ताचा एक थेंब, मोहरीएवढा. मी पुसला. पुन्हा आला. मग मी पोत्याकडे बघितलं. गोणपाटातून सुई बाहेर आली होती, बोटाच्या पेराएवढी, चकचकीत. नंतर कळलं, त्या आठवड्यात बदली आया आली होती, तिला डब्याची रीत माहीत नव्हती.

मी हात नळाखाली धरला. पाणी जाऊ दिलं, साबण लावला, पुन्हा पाणी. त्या काळात एसटीच्या मागे, दवाखान्याच्या भिंतीवर, सगळीकडे एड्सची पोस्टरं होती. सुई आणि रक्ताचा थेंब. मी रोज बसमधून वाचायचे. आता ते चित्र माझ्या हातात होतं.

कुणाला सांगितलं नाही. का नाही, तर लाज. सहायक व्यवस्थापकाला सुई टोचली, तीही मना केलेल्या पोत्याची. मी खोलीला कुलूप लावलं, पोतं तसंच जमिनीवर. दुसऱ्या दिवशी देणगीदार आले, पुढच्या हॉलमध्ये सत्कार झाला, ढोकळा खाल्ला, गेले. मागे कुणी फिरकलंही नाही. मी हसून हार घातले. हार घालताना तळव्याला पट्टी होती. "काय लागलं?" कुणी विचारलं. "विळी," मी म्हटलं.

घरी आई म्हणाली, "उरनवाल्यांचा निरोप आलाय. पोरगा बंदरात नोकरीला हाय. यत्या रव्वारी बघायला यतान." मी पानावरून उठले. आईला वाटलं लाजले.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून आत शिरले.

"डोले दाखव."

अंगठा माझ्या पापणीवर आला आणि थांबला. ते डोळ्यांत बघत नव्हते, हाताकडे बघत होते. "काय झाला?"

मी विळी म्हणायला तोंड उघडलं आणि रडायला लागले.

त्यांनी माझ्याकडून किल्ली घेतली आणि मागे गेले. मी मागोमाग. दार उघडून ते उंबऱ्यावरच उभे राहिले. कापलेल्या सुतळ्या, निळी पिंपं, आणि मधोमध पडलेलं ते एक पोतं, सुई वर काढून. आता ओरडतील म्हणून मी डोळे मिटले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उकिडवे बसले आणि त्यांनी ती गाठ दोन बोटांत धरली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. खाडीवरून एक टिटवी ओरडत गेली तेवढं आठवतं.

"चाचा, कुठली खोली?"

ते उठले. गुडघे वाजले.

"चार," ते म्हणाले. "चारच्या आजी. साखरेचं इंजेक्शन. त्यांना दुसरा काय नाय."

चार नंबरच्या आजी म्हणजे आमच्याकडची सगळ्यात ठणठणीत बाई. डायबिटीस सोडला तर दात शाबूत, रोज फाटकापर्यंत चालायच्या. मी तिथेच भिंतीला टेकून बसले.

"बसू नको. चल, डाक्टरीणकडं."

"पण चार नंबर म्हणालात ना?"

"नेम म्हंजे नेम. सुई टोचली की सुया घ्यायच्या. चाराची असो नाय तर राजाची असो."

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात ते आधी एकटे आत गेले. पडद्याआड बराच वेळ बोलणं चाललं. मला फक्त बाईंचा आवाज ऐकू आला, "तुम्ही सांगणार नाही का तिला?" मला वाटलं, आश्रमाच्या कमिटीला माझी चूक कळवायची की नाही याबद्दल असेल. मग बाईंनी बोलावलं. काविळीची लस घ्यायची, आज एक, महिन्याने एक, सहा महिन्यांनी एक. रक्त आज तपासायचं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. "सुई कुणाचीही असली तरी हेच करतो," त्या म्हणाल्या, आणि हे त्यांनी दोनदा म्हटलं.

येताना मी त्यांना उरणवाल्यांचं सांगितलं होतं. बाहेर आल्यावर सारंग म्हणाले, "आन लग्नाचं सा महिने पुढं ढकल."

"ते कशाला? चारच्या आजींना तर काही नाही."

"नेम."

त्या सहा महिन्यांबद्दल मला फार लिहिता येत नाही. दिवसा मी स्वतःला सांगायचे, चार नंबर, साखर, चार नंबर, साखर. पण जरा अंग गरम लागलं की थर्मामीटर. जेवण नको वाटलं की आरशासमोर. उरणवाल्यांना नकार कळवला तेव्हा आई भांडली, वडील दोन दिवस बोलले नाहीत. "शिकली म्हनून नवरा पन परीक्षा घेऊन निवडनार काय?" आईने विचारलं. मी तिच्या ताटात जेवायचं बंद केलं होतं, माझा तांब्या वेगळा ठेवायचे. तिला वाटलं पोरीला शिक्षण चढलं. तिला वाटू दिलं. कावीळ आणि एड्स हे दोन शब्द मी त्या घरात उच्चारले असते तर फ्रेम भिंतीवरून खाली आली असती असं मला वाटायचं.

आश्रमात सारंग पूर्वीसारखेच होते, फक्त माझी पापणी जास्त वेळ ओढून ठेवायचे. आधी एका बाजूने, मग मला वळवून दुसऱ्या बाजूने. ट्यूबलाइटच्या उजेडात कधीच बघत नसत, ढग असले तर ऊन पडेपर्यंत मला थांबवायचे. "रोज रोज काय बघता, चाचा? कालचेच डोळे आहेत." ते मला परत उन्हाकडे वळवत. मला वाटायचं, वय झालं, वेड वाढलंय.

मीच एक दिवस म्हटलं, "मला गाठी शिकवा."

"आता नाय."

"का? आधी तुम्हीच मागे लागला होतात."

"सा महिने थांब."

मला राग आला. मी चूक केली म्हणून म्हातारा सूड उगवतोय असं वाटलं. तसं हिरामावशीला बोललेसुद्धा. ती म्हणाली, "म्याडम, हल्ली ते नीट जेवत नाय. डबा तसाच परत नेतान." मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या महिन्यात सात नंबरचे काका वारले. हे गृहस्थ उन्हाळ्यात मोठ्या हॉस्पिटलातून आमच्याकडे आले होते, पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. कुणी फारसं भेटायला यायचं नाही. त्यांच्या बायकोला, मुलांना फोन मीच केले, कागदांवर सह्या मीच केल्या. सह्या करताना मनात एक विचार आला आणि मी तो मोठ्याने बोलून गेले: "चाचा, सुई यांची असती तर?"

सारंग मयताच्या खोलीतली चादर गुंडाळत होते, हातात रबरी मोजे. ते तिथेच थांबले. चादर हातातून सुटली. त्यांच्या हातून कचऱ्यातली वस्तू जमिनीवर पडलेली मी त्या एकाच वेळी पाहिली.

"नव्हती ना," मी म्हटलं.

"नव्हती," ते म्हणाले. आणि वाकून चादर उचलायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. एका माणसाच्या मरणावर उभी राहून मी मनात म्हणत होते, बरं झालं, मी चार नंबरची. त्या सुटकेची मला आजही लाज वाटते.

सहा महिने भरले. शेवटचा रिपोर्ट आणायला मी वाशीच्या लॅबमध्ये एकटीच गेले. पाकीट तिथे फोडायची हिंमत झाली नाही. ते तसंच घेऊन आश्रमात आले. सारंग फाटकाशी उभे होते, भर उन्हात.

"वाच."

मी वाचलं. सगळं निगेटिव्ह. "काही नाही, चाचा. काहीच नाही."

"पुन्हा वाच. हलू."

मी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण ते माझ्या बोटाबरोबर कागदावर नजर फिरवत होते. मग त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलंच नाही. म्हणाले, "चल. गाठी शिकवतो."

कचराखोलीच्या पायरीवर आम्ही बसलो. त्यांनी खिशातून सुतळीचे तुकडे काढले आणि एक, दोन, तीन करत दाखवू लागले. चारची आली. दोन फेरे आणि टोक झेंड्यासारखं बाहेर. "ही चार. ओढली की सुटते. आजीबायच्या खोलीत घाई नसते." मी बांधली, सोडली. पाच. सहा.

सातवी त्यांनी सावकाश बांधली. तीन फेरे, मग सुतळी फेऱ्यांच्या खालून घेतली, आत सारली आणि आवळली. टोक दिसेनासं झालं.

माझ्या बोटांना ती आधी आठवली. मी ती फिरवून बघितली, नखाने उचकटली. कुठूनही सुरुवात नाही.

"टोक कुठे गेलं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"आत. सातचं टोक आत असतं. कुनी चुकून सोडू नये म्हनून."

समोरच्या डोंगरावर ऊन होतं आणि मला थंडी वाजली. सहा महिन्यांनी, रिपोर्ट हातात असताना, मी खरी घाबरले. इतकी मी नळाखाली हात धरला होता तेव्हाही घाबरले नव्हते.

"तुम्ही चार म्हणालात."

"म्हनालो."

"सातच्या काकांचं रक्त...?"

"डाक्टरीणबायनं तपासलं होतं, त्याच आठवड्यात. होती. कावील. जी मानूस मारते ती." त्यांनी सुतळीवरून अंगठा फिरवला. "टोपासला मी खरं सांगितलं होतं, बाय. काय झालाय ते. तो तापानं जायच्या आधीच भीतीनं अर्धा गेला. खायचा बंद झाला, पानी पन घेईना." त्यांनी सुतळी खाली ठेवली. "औषध सगलं तुला दिलं. फक्त नंबर दिला नाय."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. माझं रक्त होतं, मला कळायला हवं होतं, मी शिकलेली बाई आहे, मला काय समजलात. हे सगळं मी आजही म्हणेन, आणि ते बरोबरही आहे. पण माझ्या समोर तो माणूस बसला होता, सहा महिन्यांत गालफडं आत गेलेला. रोज सकाळी उन्हात माझ्या डोळ्यांत पिवळा रंग शोधणारा.

त्यांनी नवा तुकडा काढून माझ्या हातात दिला.

"बांध."

मी बांधली. तीन फेरे, खालून घेतली, आत सारली. त्यांनी दोन बोटांनी हलकेच ओढून बघितली. ती सुटली.

"पुन्हा," सारंग म्हणाले.